शीर इथले, खुर्मा परमुलखाचा

'सुकामेवा' या शब्दाची फोड केली तर त्यात दोन मुलूख सापडतात. 'सुका' हा आपल्या मराठीचा, संस्कृत 'शुष्क'पासून आलेला; 'मेवा' फारसीचा. बदाम, पिस्ता, अंजीर, जर्दाळू, किसमिस हे सगळे शब्द फारसीतून आपल्याकडे आले. 'बेदाणा' म्हणजे बे-दाना, ज्यात बी नाही असा. 'मनुका' अरबी 'मुनक्का'पासून आली. साफ केलेले, निवडलेले असा त्याचा मूळ अर्थ. अक्रोड मात्र संस्कृत 'अक्षोट'चा वंशज, आणि काजू पोर्तुगिजांबरोबर आला. मूठभर खाऊत इतक्या भाषा नांदतात आणि खाणाऱ्याला त्यातली एकही परकी वाटत नाही. भाषेपुरती ही सुखाची गोष्ट आहे. आहारापुरते मात्र या मेव्याभोवती काही गैरसमज वाढले आहेत आणि त्यांची किंमत घरातल्या बायकामुलींना मोजावी लागते. म्हणून हा विषय आम्ही येथे इतिहासाच्या अंगाने मांडत आहोत.

गैरसमज दोन प्रकारचे आहेत. पहिला बाहेरच्यांचा. मुसलमानाच्या घरात सदा बिर्याणी शिजते आणि डबे काजू-पिस्त्यांनी भरलेले असतात, अशी एक समजूत आपल्याविषयी रूढ आहे. ज्यांनी आमचा धाराशिव जिल्हा पाहिला आहे त्यांना यावर हसावे की रडावे तेच कळणार नाही. येथील बागवान फळे विकतो, अत्तार बाजारात खारीक-बडीशेप विकतो, तांबोळी पान विकतो, पिंजारी गाद्या भरतो, उरलेले शेतात आणि बांधकामावर मजुरी करतात. आणि या सगळ्यांच्या ताटात शेजारच्या मराठा, धनगर, दलित घरांत असते तीच ज्वारीची भाकर आणि तेच वरण असते. दुसरा गैरसमज आपला स्वतःचा आहे. मुलगी पांढरीफटक दिसली, सून चालताना धापा टाकू लागली, की घरातली मोठी माणसे सांगतात, "दोन खारका दुधात टाकून देत जा, रक्त वाढेल." जमेल तसे पैसे साठवून पाव किलो खारीक आणली जाते, आठ-पंधरा दिवसांत संपते, आणि दुखणे तेथेच राहते.

मग या मेव्याने आपल्या माणसांना खरोखर दिले काय, आणि दिले नाही ते काय? याचे उत्तर शोधायचे तर फार मागे जावे लागते.

धाराशिव शहराच्या ईशान्येला, तेरणा नदीच्या काठी, तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण गोरोबांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी या गावाचे नाव समुद्रापलीकडे पोहोचले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोण्या ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवहीत 'तगर' नावाच्या मोठ्या बाजारपेठेचा उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ही पेठ होती आणि तेथले साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजे आपले तेर, हे जे. एफ. फ्लीट या पुरातत्त्वज्ञाने १९०१ साली साधार मांडले आणि पुढे तेथे झालेल्या उत्खननांनी त्याला बळकटी आली.

त्याच 'पेरिप्लस'मध्ये आणखी एक नोंद आहे. इराणच्या आखातातील बंदरांतून भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत मोती, वस्त्रे, मद्य यांच्याबरोबर 'पुष्कळ खजूर' असे लिहिले आहे. आता या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. तेरच्या गाड्या कापड घेऊन ज्या बंदरात जात, त्याच बंदरात अरबस्तानच्या बाजूचा खजूर उतरत होता. परतीच्या गाड्या रिकाम्या आल्या असतील, असे मानायला मन तयार होत नाही. हा आमचा तर्क आहे, पण तर्काला आधार आहे. आणि हा सगळा व्यवहार इस्लामच्या उदयाच्या पाच-सहाशे वर्षे आधीचा आहे. आयुर्वेदाच्या चरकसंहितेतही 'खर्जूर' आणि 'मृद्वीका', म्हणजे द्राक्षे, यांचे उल्लेख आहेत. तेव्हा खजूर या देशात मुसलमानांनी आणला, असे म्हणता येत नाही. आपल्याकडून आले ते त्याला चिकटलेले संस्कार : रोजा सोडण्याची सुन्नत, निकाहनंतर उधळले जाणारे छुहारे, आणि ईदच्या सकाळचा शीरखुर्मा.

द्राक्षांची कहाणी याहून थोडी वेगळी. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या अमदानीत दौलताबादला आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तेथील द्राक्षे आणि डाळिंबे यांची तारीफ करतो आणि ती वर्षातून दोनदा येतात असे नोंदवतो. मराठवाड्यातला द्राक्ष बागायतदार आजही वेलाची छाटणी वर्षातून दोनदा करतो : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. फरक इतकाच की आज पीक एकदाच घेतात. तुळजापूर आणि धाराशिव तालुक्यांत द्राक्षबागा आहेत आणि शेजारच्या सोलापूर, सांगली जिल्ह्यांनी तर बेदाण्यात नाव काढले. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यामुळे सालीवरचे मेण सुटते, आणि मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर सावलीत पसरून दोन आठवड्यांत ते वाळतात.

खारकेची कृती मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. खजूर वाळवला की त्याची खारीक होते, असा सर्वसाधारण समज. तसे नाही. खजूर झाडावर पूर्ण पिकून मऊ होतो. खारकेसाठी फळ त्याआधीच, पिवळे आणि कडक असताना उतरवतात, मोठ्या कढयांत पाण्यात उकळतात आणि मग उन्हात वाळवतात. ओमानमध्ये या कामाला 'तबसील' म्हणतात आणि त्यासाठी 'मबसली' जातीचा खजूर वापरतात. तेथे तांब्याच्या कढयांत उकळलेली ही खारीक एकोणिसाव्या शतकापासून प्रामुख्याने हिंदुस्थानच्या बाजारासाठी तयार होत असे आणि गलबतांतून मुंबईला येत असे. सिंधमध्ये सक्कर आणि खैरपूर भागात 'असील' खजुराची खारीक अशीच होते. उकळल्यामुळे फळातील विकरे निकामी होतात, साखरेचे रूप बदलण्याची क्रिया थांबते, फळ मऊ पडत नाही आणि कडक वाळून वर्षभर टिकते. ज्या काळी शीतगृहे नव्हती, माल उंटावर, गलबतावर आणि बैलगाडीवर महिनोन्महिने फिरत असे, त्या काळी टिकाऊपणा हाच सर्वांत मोठा गुण होता.

मुंबईहून आमच्या भागात माल यायचा तो बार्शीमार्गे. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि त्याच्या पुढे निजामाचे राज्य. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. या अरुंद रुळांवरून येणाऱ्या मालावर सरहद्दीवर निजामाची जकात बसे. त्या खात्याला लोक 'करोडगिरी' म्हणत. तेव्हा खारीक ही परमुलखाची आणि वर जकात भरून आलेली चीज. ती रोज खाण्याची वस्तू होणे शक्यच नव्हते. म्हणून ती प्रसंगाची वस्तू झाली. निकाहच्या मजलिशीत खारीक आणि खडीसाखर वाटली जाऊ लागली. शेजारच्या हिंदू घरात सवाशिणीच्या ओटीत खण-नारळ, हळकुंड, सुपारी यांच्याबरोबर खारीक-बदाम पडू लागले. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खारकेची पूड दोन्ही घरांत पडत होती. ओमानच्या किंवा सिंधच्या एकाच पोत्यातली खारीक अत्ताराच्या दुकानातून एकीकडे निकाहला आणि दुसरीकडे तुळजापूरच्या ओटीला जात राहिली. आमच्या जिल्ह्याचा हा इतिहास कोणत्याही तवारीखेत लिहिलेला नाही, पण तो खरा आहे.

आता विज्ञानाचा धागा. अन्नात नेमके काय असते हे मोजण्याची विद्या तशी अलीकडची. 'प्रोटीन' हा शब्द १८३८ साली युरोपात रूढ झाला. मराठीत आपण त्याला प्रथिने म्हणतो. ही प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतील बरीचशी आपले शरीर स्वतः बनवते. काही मात्र अन्नातूनच यावी लागतात. अमेरिकेत विल्यम रोझ या शास्त्रज्ञाने १९३५ साली थ्रिओनीन शोधले आणि पुढे प्रयोगांनी अत्यावश्यक अमिनो आम्लांची यादी निश्चित केली. आज ती नऊ मानतात. लायसीन, ल्युसीन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनीन ही त्यांतली काही नावे. घर बांधताना विटा पुष्कळ आणि चुना कमी असेल तर भिंत चुन्याच्या हिशेबाने थांबते. शरीराचेही तसेच आहे. नवांपैकी एक अमिनो आम्ल कमी पडले तर बाकीची मुबलक असूनही त्यांचा पुरता उपयोग होत नाही.

आपल्या देशात या विद्येचा पाया घालणारा रॉबर्ट मॅककॅरिसन हा आयरिश डॉक्टर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काश्मीरच्या उत्तरेला गिलगिट भागात नोकरीस होता. तेथील हुंझा खोऱ्यातील लोकांची काटक प्रकृती पाहून तो चकित झाला. धान्य, भाजी, दूध, लोणी, फळे आणि वर्षभर खाल्ले जाणारे वाळवलेले जर्दाळू असा त्यांचा आहार त्याने नोंदवला. पुढे लोकांनी त्यातले जर्दाळू तेवढे उचलले आणि हुंझाचे लोक जर्दाळू खाऊन शंभरी गाठतात, अशा दंतकथा जगभर पसरल्या. दूध, धान्य आणि भाजी मागे पडली, मेवा पुढे आला. आमच्याकडे खारकेचे जे झाले तेच.

मॅककॅरिसनने १९१८ साली दक्षिणेत कुन्नूर येथे एका खोलीत आहारविषयक संशोधन सुरू केले. त्याचीच पुढे मोठी प्रयोगशाळा झाली. १९३७ साली त्याचा उत्तराधिकारी डब्ल्यू. आर. अ‍ॅक्रॉइड याने भारतीय अन्नपदार्थांतील पोषक द्रव्यांचे तक्ते असलेली पुस्तिका काढली. १९५८ साली ही संस्था हैदराबादला हलवण्यात आली आणि १९६९ साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. ती ज्या भागात आहे त्याला जामे उस्मानिया म्हणतात. उस्मानिया विद्यापीठही १९१८ सालचेच, आणि त्याचे नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून. आमचा जिल्हा २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव होईपर्यंत त्याच नावाने ओळखला जात होता. आमच्या भाकरीतल्या आणि खारकेतल्या अमिनो आम्लांचा हिशेब याच संस्थेत झाला. २०१७ साली संस्थेने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे पृथक्करण आहे आणि त्यात अमिनो आम्लांचेही आकडे आहेत.

हा हिशेब काय सांगतो? शंभर ग्रॅम खजुरात प्रथिने जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम. बेदाण्यात सुमारे तीन. उलट बदाम आणि पिस्ता यांत वीस ग्रॅमच्या आसपास, हरभऱ्याच्या डाळीतही तितकीच, आणि शेंगदाण्यात त्याहून जास्त. ज्वारीत सुमारे दहा. म्हणजे आपण ज्याला एका दमात 'सुकामेवा' म्हणतो त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. खारीक, मनुका, अंजीर, जर्दाळू ही वाळलेली फळे : त्यांत मुख्यतः साखर, तंतू, पोटॅशियम आणि थोडीफार खनिजे. बदाम, पिस्ता, अक्रोड, चारोळी ही बिया : त्यांत तेल आणि प्रथिने. या हिशेबाने आमच्या शेतातला भुईमूगही मेव्याच्या पंक्तीला बसतो, फक्त त्याला फारसी नाव नाही.

आता लायसीन घेऊ. पन्नास किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे दीड ग्रॅम लायसीन लागते. शंभर ग्रॅम खजुरातून ते साठ मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. केवळ खजुरातून गरज भागवायची तर रोज अडीच किलो खजूर खावा लागेल! एक पेला दुधातून मात्र सुमारे अर्धा ग्रॅम लायसीन मिळते आणि तीस ग्रॅम डाळीतून सुमारे चारशे मिलिग्रॅम. लायसीनचा प्रश्न आमच्या जिल्ह्यात महत्त्वाचा का, तर ज्वारीच्या प्रथिनांत तेच सर्वांत कमी असते. दर ग्रॅम प्रथिनामागे पंचेचाळीस मिलिग्रॅम असावे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. ज्वारीत ते वीसच्या आसपास भरते.

ज्वारीचा आणखी एक गुंता हैदराबादच्या शास्त्रज्ञांना दिसला. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग आढळत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांची, मानेची कातडी काळी पडून खवल्यासारखी होते, पोट बिघडते, पुढे बुद्धीही भ्रमते. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने हा रोग होतो आणि तो मक्यावर जगणाऱ्यांचा रोग समजला जाई. ज्वारी खाणाऱ्यांत तो का व्हावा? डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली असा विचार मांडला की ज्वारीत ल्युसीन हे अमिनो आम्ल फार असते आणि ते ट्रिप्टोफॅनपासून नायसिन तयार होण्याच्या कामात अडथळा आणते. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाले, जीवनसत्त्व ब-६ चाही त्यात हात असल्याचे दिसले. पण एक गोष्ट निर्विवाद राहिली : भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, अंडे, मटण यांपैकी काही असेल तर हा रोग होत नाही. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घालून खाणाऱ्या आमच्या आजी-पणज्यांना ल्युसीनचे नाव ठाऊक नव्हते, पण पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने जोडी बरोबर जमवली होती.

याच वादात एका मराठी माणसाचे नाव आदराने घ्यायला हवे. सातारा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. जगात प्रथिनांचीच मोठी टंचाई आहे, गरीब देशांना प्रथिनांच्या पुड्या पाठवा, असा गाजावाजा १९६०च्या दशकात चालू असताना त्यांनी आकड्यांनिशी सांगितले की भाकर-डाळीचे नेहमीचे जेवण पोटभर मिळाले तर प्रथिनांची गरज बहुतांशी भागते; खरी उणीव पोटभर जेवणाची आहे. गोपालन यांच्या पाहण्यांतूनही लहान मुलांबाबत असेच दिसले. १९७२च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातली माणसे खडी फोडत होती तेव्हा त्यांना कुणी खारका वाटल्या नाहीत. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि सुकडी वाटली गेली, आणि तिच्यावर माणसे तगली.

मग खारीक कुचकामी म्हणायची काय? मुळीच नाही. दिवसभराच्या रोज्यानंतर शरीराला झटपट ताकद हवी असते आणि ती खजुरातली साखर देते. पोटॅशियम आणि तंतूंच्या दृष्टीने वाळलेली फळे उजवीच आहेत. मधुमेह असणाऱ्याने मात्र मोजून खावीत, कारण खजुराचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. शीरखुर्म्याकडे जरा या नजरेने पाहावे. 'शीर' म्हणजे दूध, 'खुर्मा' म्हणजे खजूर. शेवयांत लायसीन कमी, ते दूध भरून काढते. पिस्ता आणि चारोळी प्रथिनांत भर घालतात, तूप ऊर्जा देते, खारीक गोडवा आणि खनिजे. एकेकटा पदार्थ अपुरा, एकत्र आले की पुरे. खुर्मा ओमानचा-सिंधचा असेल, पण शीर अस्सल आमच्या मातीचे. भूम-वाशी-कळंब भागातला खवा आणि कुंथलगिरीचा पेढा महाराष्ट्रभर जातो. हा जिल्हा पावसाला पारखा असेल, दुधाला नाही.

वाळवण्याने काय हरवते, तेही सांगितले पाहिजे. ताज्या द्राक्षातले क जीवनसत्त्व वाळताना बहुतेक नष्ट होते. लुई मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली दाखवले की साखर आणि अमिनो आम्ले उष्णतेने एकमेकांशी जुळून तपकिरी रंग तयार होतो. पेढा खरपूस होतो तो असाच. वाळलेले फळ काळसर होण्यामागेही हेच एक कारण असते. या जुळणीत सर्वाधिक खर्ची पडते ते लायसीनच. मुळात थोडे, त्यातले आणखी गेले. पिवळाधमक बेदाणा दिसतो त्याला बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. त्याने रंग टिकतो, पण ब-१ जीवनसत्त्व जाते. त्यामुळे महागड्या पिवळ्या बेदाण्यापेक्षा साधी काळी मनुका कमी पौष्टिक, असे समजण्याचे कारण नाही.

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक बायका! त्यात हिंदू-मुसलमान असा भेद करण्यात अर्थ नाही. एकाच विहिरीचे पाणी आणि एकाच रानातली भाकर. भारतीय स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे अशी शिफारस आहे. चार खारकांतून त्याचा दहावा भागही मिळत नाही, आणि वनस्पतींतल्या लोहापैकी थोडाच भाग अंगी लागतो. जेवणाबरोबर लिंबू, आवळा, पेरू असा आंबट पदार्थ असेल तर तो वाढतो. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर घटतो. मांसातले लोह मात्र चांगले शोषले जाते. देशभर नावाजलेली काळी शेळी आजही 'उस्मानाबादी' याच नावाने ओळखली जाते. ती आमची, तिचे मटण शहरांतल्या बाजारात जाते आणि तिची कलेजी, जी रक्तक्षयावर खारकेपेक्षा कितीतरी गुणकारी, ती घरात शिजलीच तर पुरुषांच्या ताटात आधी पडते. गर्भारपणात कलेजी डॉक्टरांना विचारून बेतानेच खावी. पण एरवी घरातल्या मुलीबाळींनी उपाशी का राहावे? आणि अशक्तपणा जास्त असेल तर खारीक-बदामावर विसंबून न राहता सरकारी दवाखान्यात रक्त तपासून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. त्या तेथे फुकट मिळतात.

यात पैशाचाही प्रश्न आहे. आपल्या देशात येणारी खारीक बहुतांशी पाकिस्तानातून येई. पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये तिकडच्या मालावर दोनशे टक्के आयातशुल्क बसले आणि मे २०२५ मध्ये तेथून, मग ते थेट असो वा तिसऱ्या देशामार्गे, माल आणण्यावरच बंदी आली. निजामाच्या करोडगिरीपासून आजच्या आयातशुल्कापर्यंत खारीक नेहमीच सरहद्दीच्या राजकारणात सापडलेली आहे. जी वस्तू दोन देशांच्या भांडणात अडकते तिच्यावर गरिबाने आपल्या लेकीचे रक्त सोपवू नये. भुईमूग, हरभरा, तूर यांना आमच्या गावात यायला कोणती सरहद्द ओलांडावी लागत नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या समाजाच्या विचारासाठी मांडतो. सदका-ए-फित्रच्या हदीसमध्ये एक साअ देण्यासाठी जे जिन्नस येतात ते असे : खजूर, जव, मनुका आणि 'अकित', म्हणजे वाळवलेले दही. मदिनेत तेव्हा हेच रोजचे अन्न होते. त्या यादीत खजूर मेवा म्हणून आलेला नाही, पोटभरीचे अन्न म्हणून आला आहे. आणि त्याच्या शेजारी धान्य आहे, दुधाचा पदार्थही आहे. आपल्याकडे अलीकडे रमजानमध्ये गरीब घरांना पाकिटे वाटण्याची चांगली प्रथा पडली आहे. त्यांत खजुराचा डबा, शेवया, साखर आणि सरबताची बाटली असते. खजूर जरूर असावा. रोजा त्यानेच सुटावा. पण त्याच पाकिटात साखर थोडी कमी करून दोन किलो हरभरा डाळ, किलोभर शेंगदाणे आणि शक्य तेथे दुधाचे कूपन घालता येईल. मदिनेच्या यादीत जव आणि अकितची जी जागा होती, ती आमच्या जिल्ह्यात डाळीची आणि दुधाची आहे. गावोगावच्या मशिदींच्या कमिट्यांनी आणि महिला बचत गटांनी येत्या रमजानच्या खरेदीपूर्वी एकदा बसून हा हिशेब करावा, आणि यादी करताना घरातल्या बायकांनाही विचारावे.